डॉक्टर, सिस्टर, आशाताईचं राजकारण आणि आपला पेशंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, सगळी नोकरी खान्देशातच गेली, आधी तापीकाठच्या गावांत आणि शेवटची वर्षं सातपुड्याच्या पायथ्याला. रिटायर झाल्यावर ओळखीपाळखीचे लोक फोन करतात, आणि निवडणूक जवळ आली की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो, की डॉक्टर त्या पार्टीचा आहे, आमच्याकडे नीट बघेल का? तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. घाईत असाल तर प्र. ४ आणि प्र. १२ तेवढे वाचा.

१. डॉक्टर-नर्सला राजकीय मत असायला परवानगी तरी आहे का?

आहे की. मतदानाचा हक्क सगळ्यांना आहे. फक्त सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात, त्यातल्या नियम ५ प्रमाणे कुठल्या पक्षाचं सभासद होता येत नाही, प्रचार करता येत नाही, मत द्या पण कोणाला दिलं ते सांगत फिरायचं नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनाही असेच नियम आहेत. खासगी डॉक्टरला हे बंधन नाही, तो पक्षात जाऊ शकतो, निवडणूक लढवू शकतो. आपल्याकडे तर हे नवीन नाहीच. धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे कॅन्सर सर्जन, २०१४ ते २०२४ खासदार होते. नंदुरबारच्या डॉ. हीना गावित त्याच दहा वर्षांत खासदार होत्या. जळगावचे डॉ. उल्हास पाटील १९९८ला निवडून आले होते. त्यामुळे डॉक्टर राजकारणात दिसला म्हणून लगेच घाबरू नका, तो खुर्चीत बसून तुमची नाडी धरतो तेव्हा काय करतो तेवढं बघायचं.

२. डॉक्टर लोक शपथ घेतात म्हणे, त्यात राजकारणाबद्दल काही असतं का?

स्पष्ट असतं. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९४८ला जिनिव्हात जी प्रतिज्ञा केली तिच्यात धर्म, राष्ट्रीयत्व, वंश, सामाजिक दर्जा यांच्यासोबत पक्षीय राजकारणही नाव घेऊन लिहिलंय, की यातलं काहीही माझं कर्तव्य आणि माझा पेशंट यांच्या मधे येऊ देणार नाही. २०१७ला मसुदा बदलला तरी राजकीय बांधिलकीचा उल्लेख ठेवलाच. आपल्याकडे २००२चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम आहेत, त्यातल्या प्रतिज्ञेतही हेच वाक्य आहे. २०२३च्या ऑगस्टमधे नवीन नियम आणले होते पण त्याच महिन्यात स्थगित केले, म्हणून २००२चेच धरायचे. आम्ही नर्सेस हातात दिवा घेऊन शपथ घेतो. मला ती संध्याकाळ अजून आठवते, दिव्याचं तेल हातावर सांडलं होतं तरी कोणी हात हलवला नव्हता.

३. पण खरंच फरक पडतो का? का उगाच आपल्या मनातली शंका?

यावर अमेरिकेत बरं काम झालंय, कारण तिथे बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणीतच पक्ष लिहिलेला असतो. २०१६ला येल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी फॅमिली डॉक्टरसारखं काम करणाऱ्या दोनशेवर डॉक्टरांना नमुन्याचे पेशंट लिहून दिले आणि विचारलं की हा प्रकार तुम्हाला किती गंभीर वाटतो, काय सल्ला द्याल. दारू, डिप्रेशन अशा विषयांत दोन्ही पक्षांच्या डॉक्टरांची उत्तरं सारखीच आली. पण गांजा, गर्भपात आणि घरातली बंदूक हे तीन विषय निघाले की फरक पडला. रिपब्लिकन डॉक्टर गांजा आणि गर्भपातावर जास्त जोर देऊन समजवायचे, डेमोक्रॅट डॉक्टर म्हणायचे बंदूक घरात ठेवूच नका.

मग २०१८ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे दुसरा अभ्यास आला. त्यात सुमारे १४ लाख ८० हजार वयस्कर पेशंटचे शेवटचे दिवस तपासले आणि डॉक्टरांनी कोणत्या पक्षाला देणगी दिली त्यावरून गट पाडले. आयसीयू, व्हेंटिलेटर, खर्च, कशातच फरक सापडला नाही.

मला यातून काय वाटतं सांगू? जिथे उपचार ठरलेले आहेत, हार्ट अटॅक, साप चावणं, बाळंतपण, तिथे राजकारण सहसा शिरत नाही, हाताला सवयच असते. जिथे बोलायचं, समजवायचं, सल्ला द्यायचा असतो तिथे माणसाचं मत आत येतं. पण हे अभ्यास तिकडचे आहेत हे विसरू नका, तिथे वाद बंदुकीवर होतो. आपल्याकडचा प्रकार वेगळा, तो पुढच्या प्रश्नात.

४. मग आपल्या खान्देशात भेदभाव कसा दिसतो?

तोंडावर "तू त्या पार्टीचा, तुला तपासणार नाही" असं म्हणणारा माणूस मी एवढ्या वर्षांत एकही बघितला नाही. आपल्याकडे पक्षापेक्षा गावातला गट, भाऊबंदकी, पॅनल आणि जात यांचं गाठोडं एकत्र बांधलेलं असतं, पक्षाचं नाव वरून चिकटवलेलं. भेदभाव औषधात नसतो, वेळेत असतो. कोणाला आधी बोलावलं, कोणाला बसायला स्टूल दिलं, कोणाला गोळी कधी घ्यायची ते दोनदा सांगितलं आणि कोणाच्या हातात नुसती पुडी टेकवली, कोणाला "दादा" म्हटलं आणि कोणाला "ए", कोणाला इथेच ठेवून घेतलं आणि कोणाला पाच मिनिटांत धुळ्याला रेफर केलं. केस पेपरवर दोघांची औषधं सारखीच दिसतात. म्हणूनच हे सिद्ध करायला इतकं अवघड जातं.

माझ्याच हातून झालेलं सांगते. ग्रामपंचायतीच्या निकालाच्या रात्री एका ग्रामीण रुग्णालयात नाईटला होते. गुलालात माखलेले दोन गट मारामारी करून आले, दहाबारा जण, आरडाओरडा, एकाच्या भुवईतून रक्त. त्यातला एक गट माझ्या सासरकडच्या ओळखीचा. मी विचार न करता तिकडे वळले, ड्रेसिंग, टीटी म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळं. दुसऱ्या गटातले एक आबा बाकावर गप्प बसले होते, रक्त नाही, काही नाही. साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी दोनदा उलटी केलेली, डोळे जड झालेले. डोक्याला मुका मार होता. डॉक्टरांनी लगेच १०८ बोलावली, आबा वाचले. पण ती वीस मिनिटं मी कोणत्या पक्षाला दिली नव्हती, ओळखीच्या चेहऱ्याला दिली होती, आणि आबांच्या बाजूने बघितलं तर त्याचा अर्थ एकच निघतो. त्यानंतर मी स्वतःला सवय लावली की गर्दी आली की आधी गप्प बसलेल्या माणसाकडे जायचं.

दुसरा प्रकार डोंगरातला. धडगाव, अक्कलकुव्याकडून खाली आलेला पेशंट वनजमिनीच्या मोर्चाला जाऊन आलेला असला की कोणीतरी हळूच म्हणतं, "हा आंदोलनवाला आहे, सांभाळून." झालं, मग त्याच्याशी कोणी मोकळं बोलत नाही. त्यात तो पावरी नाहीतर भिलोरी बोलतो, सिस्टर मराठी, मधे समजवणारं कोणी नाही. तिथे राजकारण कुठे संपलं आणि भाषेचा कंटाळा कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही, पण त्याचं नुकसान तर होतंच. बाई झोळीतून कित्येक किलोमीटर आणलेली असते आणि तिला कळतच नाही की रक्त कमी आहे म्हणजे पुढे काय करायचं.

५. "आम्हना गावना डॉक्टर दुसरी पार्टीना शे, पोऱ्याले त्यानाकडे लई जावानं का नई?"

लई जा. पोराला ताप आहे, रात्रीची वेळ आहे, आणि जवळ तोच एक डॉक्टर आहे तर दुसरा विचारच करू नका. मी असे बाप बघितलेत जे गावातला दवाखाना सोडून पार चोपड्याला, अमळनेरला गाडी काढून जातात, का तर तो सभेला स्टेजवर बसला होता. वाटेत पोराला आकडी येते. डॉक्टरवर खरंच विश्वास नसेल, आधी वाईट अनुभव आला असेल, तर बरं असताना दुसरा डॉक्टर बघून ठेवा, आजारपणात नाही.

६. आमदार-खासदाराची चिठ्ठी आणली की लवकर काम होतं हे खरं का? आणू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. खरं सांगायचं तर फोन आला की वॉर्डात धावपळ होते, हे मी नाकारणार नाही. पण चिठ्ठीने बेड तयार होत नाही, बेड तेवढेच असतात, तुमची चिठ्ठी चालली म्हणजे बिनचिठ्ठीचा कोणीतरी मागे सरकला. आणि उद्या तुमच्या विरोधातल्याची चिठ्ठी तुमच्या माणसाला मागे सारणार.

जे तुमच्या हक्काचं आहे त्याला चिठ्ठी लागतच नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना घ्या. ही २०१२ला राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं. २०१७ला नाव बदललं, सरकारं बदलली, योजना चालूच आहे. ती कोणत्या पुढाऱ्याने घरून दिलेली नाही. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात जायचं आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटायचं. तो जागेवर नसेल किंवा कोणी उडवून लावलं तर १५५३८८ ला फोन लावा. "साहेबांच्या ऑफिसमधून फॉर्म आणा" असं कोणी म्हटलं तर ते लेखी मागा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

७. आमची आशाताई विरोधी पॅनलची आहे, आमच्या गल्लीत येतच नाही. काय करायचं?

आधी एक समजून घ्या, आशाताई पगारी सरकारी नोकर नाही, तिला कामाप्रमाणे मोबदला मिळतो आणि ती गावातलीच सून असते. तिचा नवरा नाहीतर दीर पॅनलमधे असतो, तिला घरी जाऊन तिथेच भाकरी टाकायची असते. म्हणून लगेच तक्रार ठोकू नका. तिला सरळ घरी बोलवा, बाईनेच बोलवा, "ताई, पोरीचा डोस राहिलाय, ये ना." दहातल्या बऱ्याच वेळा ती येते, ती पण कोणीतरी बोलावण्याची वाट बघत असते. नाहीच आली तर आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना सांगा, किंवा उपकेंद्राच्या एएनएम सिस्टरला, म्हणजे तिथल्या नर्सबाईला. गरोदर बाईची नोंदणी आणि बाळाचे डोस यात मात्र आठ दिवस पण वाट बघत बसू नका, सरळ उपकेंद्रात जा.

८. इमर्जन्सीत कोणी पेशंट नाकारू शकतो का? खासगीवाला म्हणतो माझी मर्जी.

इमर्जन्सीत मर्जी नाही. सुप्रीम कोर्टाने १९८९ला परमानंद कटारा केसमधे सांगितलं की जखमी माणसाचा जीव वाचवणं आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू. १९९६ला पश्चिम बंगालच्या एका मजुराच्या केसमधे, तो रेल्वेतून पडला होता आणि त्याला दवाखान्यांनी फिरवलं होतं, कोर्ट म्हणालं की सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणं म्हणजे राज्यघटनेतल्या कलम २१चा, जगण्याच्या हक्काचा भंग.

इमर्जन्सी नसेल तर २००२च्या नियमांप्रमाणे खासगी डॉक्टर कोणाला तपासायचं ते ठरवू शकतो हे खरं. पण एकदा पेशंट हातात घेतला की अर्ध्यात सोडता येत नाही, आधी सांगावं लागतं म्हणजे घरच्यांना दुसरी सोय करता येते.

९. मोर्चात दगडफेक झाली, पोलीस पण जखमी आणि पोरं पण जखमी. आधी कोणाला बघतात?

ज्याला जास्त लागलंय त्याला. खाकी आहे का भगवा, हिरवा, निळा गमछा आहे ते नाही. श्वास, रक्तस्राव, शुद्ध, या क्रमाने बघायचं असतं. पोलिसांची केस असली तर एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद होते, ती नोंद दोन्ही बाजूंची व्हायला पाहिजे आणि जखमा जशा आहेत तशाच लिहायला पाहिजेत. इथे आपल्या लोकांनी जागं राहायचं. जखम किती, कुठे, कशाने झाली ते डॉक्टरला स्वतः सांगा, "लाठीने" असेल तर लाठीने म्हणा. अटकेत असलेल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला पाहिजे हे सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालापासून ठरलेलं आहे, तो कोणत्या संघटनेचा हे बघून ते बदलत नाही.

१०. डॉक्टर तपासताना राजकारणाच्याच गप्पा मारतात, कंटाळा येतो, पण बोलायची हिंमत होत नाही.

"डॉक्टरसाहेब, आधी माझं पोट बघा" एवढं म्हणा. चांगला डॉक्टर लगेच समजतो. भीती अशी असते की त्यांना राग येईल, आणि ती भीतीच खरा प्रॉब्लेम आहे, कारण मग माणूस दारू पितो का, गोळ्या बंद केल्या का, हे खरं सांगत नाही. मत पटलं नाही तरी मान डोलवू नका आणि वाद पण घालू नका.

११. आमच्या सिस्टरचं व्हॉट्सॲप स्टेटस बघून संताप येतो. स्क्रीनशॉट काढून तक्रार करू का?

स्टेटसमधे काय आहे त्यावर आहे. नेत्याचा वाढदिवस, कुठल्या पक्षाचं कौतुक, हे सरकारी कर्मचाऱ्याने करू नये (प्र. १), पण त्यावरून ती तुमच्याशी वाईट वागेल असं धरून चालू नका. "असल्या लोकांना मी हात लावणार नाही" असं लिहिलं असेल तर गोष्टच वेगळी. २०२५च्या फेब्रुवारीत सिडनीच्या एका हॉस्पिटलातल्या दोन नर्सिंग कर्मचाऱ्यांचा व्हिडिओ पसरला, त्यात ते इस्रायली पेशंटबद्दल तसंच काही बोलले होते. त्यांना लगेच कामावरून दूर केलं आणि पोलीस केस झाली. प्रत्यक्ष पेशंटला इजा झाल्याचं तपासात निघालं नाही, तरी कारवाई झाली, आणि माझ्या मते बरोबर झाली, कारण ते ऐकल्यावर त्या समाजातली म्हातारी बाई त्या वॉर्डात झोपूच शकणार नाही. असा स्क्रीनशॉट वरिष्ठांकडे द्या, गावच्या ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर टाकला की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मारामारी होते.

१२. तक्रार करायची तर कुठे? सगळे म्हणतात काही होत नाही.

आधी कागद तयार करा. तारीख, वेळ, कोण ड्युटीवर, कोण आधी आलं आणि कोणाला आधी घेतलं, काय शब्द वापरले, साक्षीदार कोण. "ते आमच्या विरोधातले आहेत म्हणून" असं लिहू नका, ते सिद्ध होत नाही. "९:१० ला केस पेपर काढला, १०:५० पर्यंत तपासलं नाही, नंतर आलेल्या तिघांना घेतलं" असं लिहा. नोंदवहीत वेळ असते, ती जुळते.

मग जागा बघा. प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असेल तर सिव्हिल सर्जन. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असेल तर अधिष्ठाता (डीन). खासगी दवाखान्यांना २०२१च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते, ती लावलीय का आधी ते बघा.

डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार परिषदेकडे जाते, पण परिषद डिग्रीप्रमाणे वेगळी. एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, बीएएमएस असेल तर इंडियन मेडिसिनची कौन्सिल, बीएचएमएस असेल तर होमिओपॅथीची, नर्स असेल तर नर्सिंग कौन्सिल. खेड्यातले निम्मे अर्ज चुकीच्या कौन्सिलकडे गेल्यामुळे वाया जातात असं माझं निरीक्षण आहे, बोर्डावरची डिग्री नीट वाचून घ्या. पेशंटने उपचाराचे पेपर मागितले की डॉक्टरने ७२ तासांत द्यायचे असतात, हे २००२च्या नियमांतच आहे. ग्राहक आयोगात पैसे भरून घेतलेल्या उपचाराची केस चालते, जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार आहेत तिथली चालत नाही.

१३. नसबंदी किंवा गर्भपाताला डॉक्टर म्हणाले "आमच्या विचारात बसत नाही". चालतं का?

नुसत्या धार्मिक कारणावरून नाही म्हणता येत नाही, वैद्यकीय कारण असेल तर मदत करायची, असं २००२चे नियम सांगतात. सूट एकच, डॉक्टरला स्वतःला ते काम नीट जमत नाही असं वाटत असेल तर. गर्भपात कायद्यात बसणारा असला पाहिजे हे वेगळं. कोणी नाही म्हटलं तर वाद घालण्यात दिवस घालवू नका, या कामात एकेक आठवडा मोलाचा असतो, लेखी रेफर चिठ्ठी घ्या आणि त्याच दिवशी निघा.

१४. उलटं झालं तर? पेशंटच म्हणतो त्या जातीची, त्या पार्टीची सिस्टर मला नको.

होतं असं, आणि फार लागतं मनाला. माझ्या एका जुनिअरला एका बाईने सलाईनची सुई लावू दिली नव्हती, नाव ऐकून. शुद्धीत असलेला पेशंट उपचार नाकारू शकतो, तसं केस पेपरवर लिहून सही घ्यायची. पण आपल्याला हवी तीच सिस्टर द्या असा हक्क कोणाला नाही. बाई पेशंटने बाई कर्मचारी मागणं ही वेगळी गोष्ट, ते द्यायला पाहिजे. नातेवाईक अंगावर आले तर २०१०चा कायदा आहे, दवाखान्यात मारहाण-तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र.

१५. मी स्वतः नर्स आहे. ज्याने प्रचारात माझ्या भावाचं डोकं फोडलं तोच माझ्या वॉर्डात ॲडमिट झालाय. मी काय करू?

हा प्रश्न एका मुलीने रात्री साडेअकराला विचारला होता, ड्युटीवरूनच. तुला राग येतोय यात काही चूक नाही बेटा. दुसरी सिस्टर असेल तर इन्चार्जला खरं कारण सांगून त्याचा बेड तिला दे, लाजू नकोस, हे पळून जाणं नाही. एकटीच असशील तर सगळं तूच करायचं, आणि रोजच्यापेक्षा जास्त लिहून करायचं. बीपी घेतलं की लगेच वेळ टाक. इंजेक्शन भरताना मावशीला शेजारी उभं कर, व्हायल दाखव. हे त्याच्यासाठीही आणि तुझ्यासाठीही, कारण त्याला काही झालं तर गाव तुझ्याकडेच बघणार. त्याच्याशी भावाचा विषय काढू नको, त्याने माफी मागितली तरी "आता झोपा" म्हण. बेल वाजली की जा, जितक्या वेळा वाजेल तितक्या वेळा जा. सकाळी ओव्हर देताना आलेल्या सिस्टरला सगळं सांग, म्हणजे उद्याच्या नाईटला तो बेड तुझ्याकडे येणार नाही.